कोपरा फाटलेलं पत्र

मी रडूबाई नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणी उगाच वाट बघत बसायला नको. सोलापुरात आमच्या आळीत माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक, हिला वाचता येतं. आणि दोन, हिला रडता येत नाही. दोन्ही एकाच दुपारी जाहीर झाल्या.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. नवरा बार्शीला, धान्याच्या अडतीत कारकून. मानमोडीची साथ जोरात होती. गिरणीचा भोंगा वाजायचा आणि निम्मी माणसं अंथरुणातच असायची. घरात वडील नव्हते, दादा नव्हता. पोस्टमन कार्ड देऊन गेला ते आईनं उचलून माझ्या हातात ठेवलं. कार्डाचा एक कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. ते घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मगच आत यायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण घाईत आईनं बघितलं नाही, आणि माझं लक्ष कोपऱ्याकडं होतंच कुठं! मला वाचता येतं याची ऐट होती ना. शेजारची तेलुगू विणकरीण ओट्यावर सूत उकलत बसली होती, तिलाही ऐकू जावं म्हणून मी ठणठणीत आवाजात वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत माझ्याच नवऱ्याचं नाव आलं. मी थांबले नाही. खाली सहीपर्यंत वाचलं आणि कार्ड आईकडं दिलं. आईनं हंबरडा फोडला, विणकरीण सूत टाकून धावत आली, आणि मी उभी ती उभीच. "दगडाची हाय की गं पोरगी," कुणीतरी म्हणालं. मला राग आला नाही. कान कुणीतरी कापूस घालून बंद केल्यासारखे झाले होते, बाकी काही नाही. महिन्याभरानं मुलगी झाली.

दादा भला माणूस. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता त्यानं मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घातलं. वहिनीनं माझी पोर सांभाळली. परत आले ती मास्तरीण होऊनच. मुलींच्या शाळेत सहा वर्षं काढली. त्या सहा वर्षांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. माझं लग्न नवव्या वर्षी झालं, ते तिचं व्हायचं नाही. तिनं मॅट्रिक व्हायचं. पुढं पुण्याला वसतिगृहात राहून शिकायचं. मग लग्न करायचं तर करावं, नाही तर राहिलं. वहिनी म्हणायची, "तुम्ही म्हणजे अगदी टोकाचं बोलता." बोलत होते खरी.

पण इथल्या पगारात ते जमणारं नव्हतं. तेवढ्यात कापडबाजारातले एक गुजराती शेठ दादाकडं आले. त्यांचे मेहुणे झांजिबारला लवंगांचे व्यापारी. तिथं हिंदी लोकांनी मुलींची शाळा काढली होती आणि ट्रेनिंग झालेली बाई मिळत नव्हती. तीन वर्षांचा करार, राहायला खोली. गुजराती शिकून घ्यावं लागेल, म्हणाले. मी म्हटलं, सोलापुरात एका गल्लीत चार भाषा ऐकत वाढलेली बाई मी, पाचवीनं काय घोडं मारलंय?

निघायच्या आधी दादाला समोर बसवलं. "मी परत येईतो हिचं लग्न नाही. कितीही सोन्यासारखं स्थळ येऊ दे, मला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही." दादा म्हणाला, "विचारल्याशिवाय नाही. दिला शब्द." त्यानं शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं त्याच्याबद्दल लोक काहीबाही बोलले.

वहिनीनं फडकंभर कडक भाकरी आणि डबाभर शेंगांची चटणी बांधून दिली. स्टेशनवर पोर नऊ वर्षांची, परकराचा काठ मुठीत धरून उभी. ती रडली नाही. मला वाटलं, माझ्यावर गेली. "पत्र लिही की," एवढंच म्हणाली. "तू पण लिही, आणि शुद्ध लिही," मी म्हटलं. काय पण आई! गाडी हलताना सांगायचं ते हे?

झांजिबारला उतरले तेव्हा बोट लागून लागून माझ्यात काही उरलं नव्हतं. पांढऱ्या दगडांची उंच घरं, हाताएवढ्या खिळ्यांचे दरवाजे, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं अशा गल्ल्या. रस्त्यावर चटया पसरून त्यावर लवंगा वाळत घातलेल्या. पहिल्या दिवशी वास बरा वाटला. आठवड्यानं पाण्याला, साडीला, खडूलासुद्धा लवंगेचा वास यायला लागला आणि मी वैतागले. मला खोली मिळाली ती शाळेच्याच मागं. दोन पायऱ्या उतरलं की आड. पहाटे जाग यायची ती भोंग्याची वाट बघत. भोंगा नाही म्हटल्यावर आपण उठायचं की नाही, हेच काही वेळ कळायचं नाही.

लोक वाईट नव्हते. कमिटीतल्या बायका ढोकळा पाठवायच्या. मुली "बेन, बेन" करत मागं यायच्या. माझं गुजराती ऐकून हसायच्या, मी पट्टी दाखवली की गप्प बसायच्या. बाजारात एक दिवस ज्वारी दिसली. तिथं तिला म्तामा म्हणतात. चार शेर घेऊन आले, दळून आणली, भाकरी थापली. भाकरी चांगली फुगली. एकटीनं बसून खाल्ली आणि मग लक्षात आलं, ही खाऊन आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुःखही नाही. तीन वर्षांतली बहुतेक सगळी अशीच गेली. शिकवत होते, जेवत होते, झोपत होते. कुणी विचारलं, "गमे छे?", म्हणजे करमतं का, तर "हा, गमे छे" म्हणत होते. एकच जागा जिवंत होती. पंधरा दिवसांनी बोट यायची, त्या बोटीनं दादाचं पत्र यायचं, आणि पत्राच्या तळाशी दोन ओळी पोरीच्या. तिचं अक्षर मीच गिरवून घेतलेलं होतं. प्रत्येक पत्रात ते थोडं सरळ झालेलं दिसायचं.

दुसऱ्या वर्षी पौषातल्या पत्रात तिच्या ओळी नव्हत्या. दादानं लिहिलं होतं, गल्लीत उंदीर पडताहेत, माणसं गावाबाहेर झोपड्या बांधून राहताहेत, आपणही जाऊ. पोरीला ताप आहे, काळजी नसावी. काळजी नसावी! गल्लीत उंदीर पडताहेत आणि पोरीला ताप आहे, म्हणजे प्लेग, हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढच्या बोटीनं पत्रच आलं नाही.

त्याच्या पुढच्या बोटीनं आलं. माघ वद्य दशमी होती, मी पंचांगात खूण करून ठेवली होती. शाळेचं टपाल बघणारा जुना कारकून रजेवर गेला होता आणि त्याच्या जागी एक गोवेकर आला होता. नम्र, घामाघूम, सारखा "सॉरी, मॅडम" म्हणणारा. मी वर्गातून बाहेर आले तर माझ्या खोलीच्या दाराच्या फटीत लिफाफा खोचलेला. दादाचं अक्षर. आणि लिफाफ्याचा वरचा उजवा कोपरा फाडलेला.

माझी पाचावर धारण बसली. तरी लिफाफा फोडला, कागद चार बोटं वर ओढला. आतल्या कागदाचाही कोपरा फाडलेला होता. मी कागद होता तसा आत सरकवला.

वाचायचं होतं. रीत तीच आहे, उभ्यानं वाचायचं आणि फाडायचं. पण एकदा मी असं कार्ड वाचलं होतं. मोठ्यानं वाचलं होतं. आता पुन्हा तिसऱ्या ओळीत कुठलं नाव येणार हे मला ठाऊक होतं, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचं नव्हतं. वाचलं नाही तोवर निदान कागदावर ती गेलेली नव्हती. असला कसला हिशेब, असं कुणी म्हणेल. मीही म्हणते. पण त्या वेळी तोच खरा वाटत होता.

पत्र खोलीत नेलं नाही. आडाच्या कठड्याला एक भोक होतं, त्यात घडी करून घातलं आणि वर दगड लावला. आडावर उभी राहून अंगावरच्या साडीसकट डोक्यावरून चार बादल्या ओतून घेतल्या. शाळा झाडणारी म्हातारी आया बघत होती. ती नुसतं "पोले" म्हणाली. तिकडं कुणाचं दुःख दिसलं की म्हणतात तसं. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हिला कुणी सांगितलं? मग ओले केस तसेच बांधले आणि तिसरीच्या वर्गावर गेले. तेराचा पाढा चालू होता.

दहा दिवस मी सुतक पाळलं. कुणाचं, ते मनातसुद्धा म्हटलं नाही. चटईवर झोपले. गोड खाल्लं नाही. महाशिवरात्रीला कमिटीच्या बायका देवळात न्यायला आल्या, त्यांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. शाळा एक दिवस चुकवली नाही. मुलींना टाके शिकवले, नकाशावर हिंदुस्थान दाखवला, एका मुलीला वही फाडली म्हणून बोलले. रोज सकाळी पाणी काढताना दगडाकडं बघायची आणि बादली घेऊन परतायची. मला वाटलं होतं, कधीतरी फुटेल. फुटलं नाही. कानात पुन्हा कापूस बसला होता, सतरा वर्षांची असताना बसला होता तोच.

अकराव्या दिवशी, फाल्गुन शुद्ध षष्ठीला, अंघोळ करून दगड काढला. आता वाचायलाच हवं होतं. दादाला उत्तर लिहायचं होतं, आणि उत्तरात काहीतरी लिहायला लागतं. कागद दमट झाला होता. कठड्यापाशी उभी राहिले आणि वाचलं.

"येथील सर्व क्षेम," दादानं लिहिलं होतं. पोरीचा ताप उतरला, साधा होता. आम्ही झोपड्यांतून घरी परत आलो. मागच्या बोटीला पत्र टाकायचं त्या गडबडीत राहून गेलं. मग मुद्दा. मोहोळचं स्थळ सांगून आलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा, इंग्रजी शिकतो, शेतीवाडी आहे, माणसं गरीब स्वभावाची. मुलींच्या लग्नाच्या वयाचा कायदा एक एप्रिलपासून लागू होतो आहे, म्हणून इकडे घरोघर लग्नं उरकताहेत. कायदा लागला की चौदावं पुरं होईतो थांबावं लागेल, आणि ते लोक थांबणार नाहीत. ताप येऊन गेल्यापासून तुझ्या वहिनीचा जीव थाऱ्यावर नाही, परक्याची लेक आपल्या पदरात आहे म्हणते. तरी तुला शब्द दिला आहे म्हणून विचारतो. तुझी ना असेल तर तार कर, मी त्यांना नाही म्हणून कळवतो. ना नसेल तर तार करण्याचं कारण नाही. फाल्गुन शुद्ध तृतीयेचा मुहूर्त आहे. तोवर तार आली नाही तर तुझा होकार समजेन.

खाली दोन ओळी. "आई, मी वर्गात पहिली आले. तू नको म्हणून तार कर. लवकर कर."

शुद्ध लिहिलं होतं. एक काना चुकला नव्हता.

तृतीया होऊन तीन दिवस झाले होते. तरी मी धावले. ओल्या केसांनी, अनवाणी, त्या गल्ल्यांतून माणसांना ढकलत तारघरात गेले आणि "नको, थांबवा" अशी तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लग्न झालं, मुलगी खुशाल, आशीर्वाद. मुलगी खुशाल! आदल्या दिवसापर्यंत मी तिचं सुतक धरून बसले होते, आता तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. नाचायला हवं होतं मी. पण हातात तार आणि मनात काहीच नाही. थोड्या वेळानं आला तो संताप.

तो निघाला गोवेकरावर. मी त्याच्या टेबलावर लिफाफा आपटला. "हा कोपरा कुणी फाडला?" बिचारा उठूनच उभा राहिला. त्याला तिकिटं जमवायचा नाद होता. हिंदुस्थानातलं ते तिकीट त्याच्याकडं नव्हतं. मॅडम वर्गात होत्या, विचारायचं राहिलं, घाईत फाडलं, आतला कागदही थोडा गेला, सॉरी, मॅडम. असं म्हणत त्यानं वहीतून टीपकागदात जपून ठेवलेलं तिकीट काढून माझ्यापुढं धरलं. पाण्यात भिजवून सोडवलेलं, स्वच्छ. लिफाफ्यावर तिकीट नाही, हे मला दहा दिवसांत एकदाही दिसलं नव्हतं. शाळेतल्या पोरीनं पहिल्यांदा तेच बघितलं असतं.

"तुमच्याकडं कोपरा फाडला म्हणजे काही होत नाही का?" मी ओरडले. "काय होतं, मॅडम?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं, टिंगल नव्हती. लिफाफा उचलून मी वर्गावर गेले.

करार संपेपर्यंत राहिले. परत येऊन करणार काय होते? दादाला लिहिलं, पत्र उशिरा मिळालं. पूर्ण खोटं नव्हतं. पण पत्राच्या तळाशी आता दोन ओळी येईनाशा झाल्या. दादा लिहायचा, ती मोहोळला आहे. मी मोहोळला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

सोलापूरला उतरले तेव्हा ती स्टेशनवर नव्हती. चौथ्या दिवशी मी मोहोळला गेले. तिच्या सासूनं ओटीवर सतरंजी घातली, गूळपाणी दिलं. "लई गुणाची हाय की तुमची लेक," म्हणाल्या. "कुटं कमी न्हाय बगा. जावई पुण्याला हायेत शिकायला." मी हसले. शिकायला तो पुण्याला होता.

माझी लेक परसात शेंगा फोडत बसली होती. साडेबारा वर्षांची, डोक्यावर पदर. मला बघून उठली, पाया पडली, पुन्हा बसली. मीही शेजारी बसले. घरचं झालं, वहिनीचं झालं, बोटीचं झालं. तिची बोली बदलली होती. मी पट्टी आपटून आपटून शिकवलेलं "आहे" आणि "नाही" वर्षा-दीड वर्षात पार पुसून गेलं होतं.

"पत्राला उत्तर का नाही दिलंस?" मी विचारलं.

"लिहून काय व्हतंय?" ती म्हणाली. "म्या लिवलं व्हतं की."

मग मी सांगितलं. जे दादाला सांगितलं नव्हतं ते सगळं. कोपरा, आड, दगड, सुतक, गोवेकर. ती शेंगा फोडत ऐकत होती. एकदा फक्त तिचा हात थांबला.

"म्हंजे धा दिवस मी मेल्याली व्हते?"

"हो."

"आन् तू शाळंत जात व्हतीस?"

"जात होते."

"रोज?"

"रोज."

तिनं सुपातली टरफलं बाजूला केली. "रडलीस तरी का गं?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. तेवढं एक हो म्हटलं असतं तर आम्हा दोघींचंही काहीतरी भागलं असतं. पण तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, आणि मला जमलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. रागानं नव्हे. वर्गात उत्तर बरोबर आलं की मी हलवायची तशी.

"मी रडले," ती म्हणाली. "तार येईना म्हनून. मामी म्हनली, आई लांब हाय, येळ लागतोय. अंतरपाट धरला तवाबी माजं ध्यान दाराकडंच व्हतं. मामाबी बगत व्हता. मंगलाष्टकं संपली, तरी त्यानं भटजीला म्हनलं, एक डाव थांबा."

आतून सासूनं हाक मारली. "आले की," म्हणत ती उठली, पूर्वी परकर झटकायची तसा पदर झटकला, आणि सूप माझ्याकडं सरकवून आत गेली.

उरलेल्या शेंगा मी फोडल्या.